‘स्वेअर’ की ‘अफर्म’? सही करण्याआधी हे वाचा

प्रतिज्ञापत्राचा (ॲफिडेव्हिटचा) मसुदा तपासा म्हटलं की बहुतेक मंडळी नाव, पत्ता आणि आधार क्रमांक बघतात. पहिल्या ओळीतल्या क्रियापदाकडे लक्ष जात नाही, आणि सगळ्या प्रतिज्ञापत्राचा भार तर त्याच्यावरच असतो.

छापील इंग्रजी फॉर्मवर तिथे ‘स्वेअर’ आणि ‘अफर्म’ असे दोन शब्द असतात, मध्ये तिरकी रेघ. लागू नसेल तो खोडायचा. ‘स्वेअर’ म्हणजे देवाला साक्षी ठेवून शपथ घेणं. मंत्र्यांच्या शपथविधीत ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ ऐकता ना, तेच. ‘अफर्म’मध्ये देवाचं नाव येत नाही. आपल्याच शब्दाला बांधून घेऊन गांभीर्याने सांगायचं. मराठी कागदावर आपण ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो’ म्हणतो, ते याच्या जवळचं.

गिरगावातल्या एक आजी नावदुरुस्तीच्या कामासाठी आमच्या टायपिंगच्या काउंटरवर आल्या होत्या. मसुदा वाचून दाखवला तशा थांबल्या. म्हणाल्या, “मी मुलांच्या गळ्याचीसुद्धा शपथ कधी घेतली नाही. कागदासाठी देवाची कशाला घेऊ?” आम्ही ‘अफर्म’ घातलं आणि ओळ पुन्हा वाचून दाखवली, तेव्हा कुठे त्यांनी पेन हातात घेतलं. त्यांचं बरोबरच होतं. जे तोंडाने म्हणवत नाही त्याखाली सही का करायची?

‘अफर्म’ केलं तर कागद कच्चा ठरेल का, असं पुष्कळजण विचारतात. अजिबात नाही. शपथ अधिनियम, 1969 मध्ये दोन्ही शब्द शेजारी-शेजारी दिले आहेत आणि दोघांचं वजन सारखंच. जबाबदारीही सारखीच: कोर्टाच्या कामात जाणूनबुजून खोटं प्रतिज्ञापत्र दिलं, तर भारतीय न्याय संहितेनुसार 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देवाचं नाव घेतलं नव्हतं म्हणून सुटका नाही.

आम्ही फक्त टायपिंग आणि भाषांतर करतो. शपथ किंवा प्रतिज्ञा नोटरीसमोर किंवा अधिकाऱ्यासमोर होते, म्हणून घरून सही करून आणू नका.

शेवटची ओळही बघा. मुंबईत तिथे बहुधा ‘सॉलेम्नली अफर्म्ड ॲट मुंबई’ असं असतं. वर ‘स्वेअर’ आणि खाली ‘अफर्म्ड’ राहिलं असेल तर काउंटरवर सांगा. पान पुन्हा छापून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.