ताक, टाक आणि आजीची बडबड

'ताक' आणि 'टाक'. आपल्या कानाला हे दोन शब्द इतके वेगळे वाटतात, की त्यांत कुणाचा गोंधळ होत असेल हेच पटत नाही. 'त' म्हणताना जीभ दातांना टेकते, 'ट' म्हणताना मागे वळून टाळूला. पण फक्त इंग्रजी ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला दोन्ही सहसा सारखेच ऐकू येतात. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हिंदीतले हेच त आणि ट घेऊन इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांची परीक्षा घेतली. 1984 साली तिचे निकाल छापून आले.

बोलता न येणाऱ्याची परीक्षा घ्यायची कशी? बाळ आईच्या मांडीवर, समोर स्पीकर. त्यातून एकच आवाज पुन्हा पुन्हा येत राहतो. तो बदलला, की बाजूच्या खोक्यात दिवा लागतो आणि आतलं खेळणं हलायला लागतं. थोड्या सरावानंतर आवाज बदलल्याबरोबर, खेळणं दिसायच्या आधीच, बाळ तिकडे मान वळवतं. म्हणजे फरक कळला. आईच्या कानांवर हेडफोन चढवलेला असतो, नाहीतर तिच्याकडूनच नकळत इशारा व्हायचा.

6 ते 8 महिन्यांची बहुतेक बाळं पास झाली. 10 ते 12 महिन्यांची बहुतेक नापास! पहिला वाढदिवस व्हायच्या आतच बाळाचा कान घरात कुठले आवाज कामाचे आणि कुठले बिनकामाचे, याची निवड करून मोकळा झालेला असतो. आपला 'ळ' किंवा 'ण' ओळखायची तयारी शाळेत नाही, पाळण्यात सुरू होते.

मग पाळण्यापाशी मराठी गाण्यांचा व्हिडिओ लावून ठेवला तर? सिॲटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये याच्या जवळचाच प्रयोग प्रसिद्ध केला, फक्त भाषा चिनी होती. 9 महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसं साधारण महिनाभरात 12 वेळा खेळली, त्यांना पुस्तकं दाखवत गप्पा मारल्या. ही बाळं इंग्रजीत नसलेले चिनी ध्वनी ओळखायला लागली. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. त्यांच्या पदरात काही पडलं नाही.

मोबाइल समोर धरल्याशिवाय घास उतरत नाही, अशी घरं आता गावोगावी आहेत. त्या आईबापांना बोल लावायची माझी इच्छा नाही, एका वेळच्या जेवणाला दीड तास लागला की कुणीही टेकीला येतं. पण त्या गाण्यांतून पोर भाषा शिकतंय, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं, की दुसरा वाढदिवस होईपर्यंत स्क्रीन नकोच आणि 2 वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराच्या वर नको.

पडद्याचा दोष नेमका काय? तो उत्तर देत नाही. बाळ 'बा' म्हणालं तर गाणं थांबत नाही. आजी थांबते. 'बा? बाबा पाहिजे? बाबा गेला हापिसात,' असं म्हणून पुन्हा बाळाच्या तोंडाकडे बघते. अशी लगेच दाद मिळाली, की बाळाचं बोबडं बोलणं खऱ्या शब्दांच्या जवळ सरकतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. हाच धागा धरून पुढे एक गमतीची गोष्ट कळली. व्हिडिओ कॉलवर समोरचं माणूस मुलाच्या प्रतिसादाप्रमाणे बोलत असेल, तर 2 ते अडीच वर्षांची मुलं त्यातूनही नवे शब्द उचलतात. नातू न्यू जर्सीत आणि आजी साताऱ्यात असली तरी ती 'काऊ कुठे गेला?' विचारून उत्तराची वाट बघत असेल, तर तो कॉल वाया जात नाही.

या आजीवर एक जुना आरोप आहे : बाळाशी बोबडं बोलून ती त्याची भाषा बिघडवते. भूभू, माऊ, चिऊ, मम्मम. एडिनबरोच्या संशोधकांनी इंग्रजीतले असे शब्द तपासले. एकच अक्षर दोनदा येणारे आणि लाडिक शेवटाचे शब्द ज्यांच्या कानावर जास्त पडले, त्या बाळांचा शब्दसाठा भराभर वाढला होता. मराठीत असा अभ्यास माझ्या पाहण्यात नाही, पण 'कुत्र्याला' या शब्दापेक्षा 'भूभू' पकडायला सोपा, हे कुणालाही दिसेल. शिवाय मराठी शब्द विभक्ती लागताच आतूनही बदलतो. दूध, दुधाला, दुधात. यांत शब्द एकच आहे, हे त्या जिवाला स्वतःच शोधून काढायचं असतं.

तो शोध चालू असल्याचा पुरावा आपण चूक म्हणून खोडत असतो. तीन वर्षांची मुलगी म्हणते, 'मी चित्र करलं.' घरात 'करलं' कुणीच म्हणत नाही, मग तिनं ऐकलं कुठून? कुठूनच नाही. 'बसलं', 'पडलं', 'धरलं' यांवरून तिनं नियम बांधला आणि 'कर'ला लावला. तिचं व्याकरण बरोबर आहे, अपवाद तेवढा माहीत नाही. तिथे 'करलं नाही, केलं म्हण' असा धडा घेण्यापेक्षा 'अरे वा, तू केलंस? कशाचं केलंस?' म्हणावं. बरोबर रूप कानावर पडतं आणि गप्पाही तुटत नाहीत.

'वॉटर पी, हँड वॉश कर' ही शाळाप्रवेशाच्या धास्तीनं जन्मलेली बोली मला खटकते. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही, दोन्ही खुशाल बोलाव्यात. पण ज्या भाषेत आपल्याला थट्टा करता येते, रागावता येतं, गोष्ट लांबवता येते, तिच्यातच मुलाशी पुष्कळ बोलणं होतं.

एका ठिकाणी मात्र आजीचं ऐकू नये. मूल बोलत नाही म्हटलं, की ती गुटीत वेखंडाचे वेढे वाढवते किंवा 'याचा बापही उशिराच बोलला' म्हणून विषय मिटवते. वर्षाचं मूल हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाला एकही शब्द नसेल, दोन वर्षांला 'आई ये' असे दोन शब्द जोडत नसेल, तर आधी कान तपासून घ्यावेत. तपासणीत बाळाला काही सांगावं लागत नाही. ते झोपलेलं असतानाच कानात आवाज सोडून आतून येणारा प्रतिसाद यंत्रावर मोजतात. जन्मल्यानंतर दोन-चार दिवसांतही ती करता येते.