पर्सी जीव्हज : पन्नास सामने आणि एक उसने आडनाव

इंग्रजी विनोदी वाङ्मयाशी ज्याची थोडीफार ओळख आहे, त्याला जीव्हज हे नाव नवे नाही. पी. जी. वुडहाऊसच्या कथांमधला हा थंड डोक्याचा, सर्वज्ञ सेवक महाराष्ट्रातही पिढ्यान्‌पिढ्या वाचकांचा लाडका राहिला आहे, पु. ल. देशपांडे यांचे वुडहाऊसप्रेम तर सर्वश्रुतच आहे. हे आडनाव मुळात एका क्रिकेटपटूचे होते, हेही अनेकांना ऐकून माहीत असते. मात्र ती माहिती बहुधा एका ओळीत संपते आणि त्या ओळीतही एक चूक शिरलेली असते. युद्धात पडलेल्या एका खेळाडूच्या स्मृतीसाठी वुडहाऊसने त्याचे नाव आपल्या पात्राला दिले, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. नाव उचलले गेले तेव्हा त्या नावाचा माणूस जिवंत होता.

पर्सी जीव्हजचा जन्म ५ मार्च १८८८ रोजी यॉर्कशायरमधील ड्यूजबरीजवळच्या अर्ल्सहीटन या गावी झाला. वडील रेल्वेत गार्ड होते आणि पुढे कुटुंब गूल या बंदराच्या गावी स्थायिक झाले. यॉर्कशायर ही त्या काळातली बलाढ्य कौंटी (इंग्लंडमधला परगणा, ज्याचा स्वतःचा क्रिकेट संघ असतो), आणि आपल्या हद्दीत जन्मलेल्यांनाच संघात घ्यायचे हा तिचा शिरस्ता. तेव्हा जन्माने यॉर्कशायरच्या असलेल्या या मुलाला खरे तर घरचेच दार उघडे होते. त्याने तिथे चाचणीही दिली, पण निवड झाली नाही. ज्या प्रांतात गोलंदाजांची रांग लागलेली असे, तिथे एखादा चांगला गोलंदाज नजरेतून निसटणे यात नवल नव्हते.

त्यानंतर तो वेन्झलीडेलच्या डोंगराळ भागातील हॉज या छोट्या गावच्या क्लबकडून, मोबदला घेऊन, खेळू लागला. १९१० मध्ये वॉरिकशायर कौंटी क्लबचा सचिव आर. व्ही. रायडर प्रकृतीस्वास्थ्यासाठी त्या भागात आला होता. चालत भटकताना त्याने गावातला सामना पाहिला आणि एका तरुणाच्या सहज, डौलदार गोलंदाजीवर त्याची नजर खिळली. हा रायडर १८९५ पासून जवळजवळ अर्धे शतक वॉरिकशायरचा कारभार पाहत होता. क्लबचा सचिव सुट्टीवर असला तरी खेळाडू हेरण्याची त्याची सवय काही सुट्टीवर नसते. त्याने या तरुणाला बर्मिंगहॅमला यायचे सुचवले.

निवड झाली म्हणजे लगेच मैदानात उतरता येत होते असे मात्र नाही. कौंटीकडून कोणी खेळावे याचे नियम १८७३ मध्ये ठरलेले होते: खेळाडू त्या कौंटीत जन्मलेला तरी हवा, किंवा त्याचे तिथे दोन वर्षे वास्तव्य तरी हवे. श्रीमंत क्लबांनी दुसऱ्यांचे खेळाडू पैशाच्या जोरावर पळवू नयेत, हा या नियमामागचा हेतू होता आणि तो वाजवीच होता. त्याची किंमत मात्र जीव्हजसारख्यांना मोजावी लागे. बाविसाव्या वर्षी हेरल्या गेलेल्या या गोलंदाजाला दोन हंगाम कौंटी सामन्यांपासून दूर राहावे लागले. १९११ मध्ये वॉरिकशायरने फ्रँक फॉस्टर या बावीस वर्षांच्या कर्णधाराच्या नेतृत्वाखाली आपले पहिले कौंटी अजिंक्यपद मिळवले, ते जीव्हजला बाहेरूनच पाहावे लागले. हा नियम कौंटी स्पर्धेपुरता असल्यामुळे १९१२ मध्ये दौऱ्यावर आलेल्या परदेशी संघांविरुद्ध त्याला वॉरिकशायरकडून उतरता आले आणि त्याच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीची नोंद त्या वर्षापासून सुरू होते. खऱ्या अर्थाने ती सुरू झाली १९१३ मध्ये, आणि तेव्हा त्याला पंचविसावे वर्ष लागून गेले होते.

त्या पहिल्याच पूर्ण हंगामात त्याने १०६ बळी घेतले आणि साडेसातशेहून अधिक धावाही काढल्या. तो उजव्या हाताचा जलद-मध्यमगती गोलंदाज होता. धावत येण्यात ओढाताण नाही, हात फिरवण्यात झटका नाही, पण टप्पा पडल्यावर चेंडू फलंदाजाच्या अंदाजापेक्षा लवकर अंगावर येतो, ही त्याची खासियत. खालच्या क्रमांकावर येऊन तो सढळ हाताने फटकेबाजी करत असे आणि नाबाद ८६ ही त्याची सर्वोच्च धावसंख्या होती. त्याला अष्टपैलू म्हणण्यापेक्षा, फलंदाजी येणारा उत्तम गोलंदाज म्हणणे जास्त खरे ठरेल. १६ धावांची कारकीर्द-सरासरी तेच सांगते.

याच हंगामात, ऑगस्ट १९१३ मध्ये, वॉरिकशायरचा संघ ग्लॉस्टरशायरविरुद्ध खेळायला चेल्टनहॅमला गेला. सामना चेल्टनहॅम कॉलेजच्या मैदानावर होता. वुडहाऊसचे आईवडील तेव्हा त्या गावात राहत होते. त्यांना भेटायला आलेला वुडहाऊस सामना पाहायला जाऊन बसला. तो स्वतः शाळेच्या संघातला गोलंदाज, त्यामुळे त्याचे लक्ष गोलंदाजांकडे जाणे साहजिक होते. जीव्हजच्या हिशेबात हा सामना फारसा संस्मरणीय नव्हता, तरीही ते नाव प्रेक्षकांत बसलेल्या त्या लेखकाच्या डोक्यात राहिले.

नाव का राहिले असावे, याचा विचार करताना मला त्या काळच्या धावफलकांची आठवण होते. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये तेव्हा दोन वर्ग होते: हौशी म्हणजे ‘जंटलमेन’ आणि व्यावसायिक म्हणजे ‘प्लेअर्स’. त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत आणि अनेक मैदानांवर आत येण्याची फाटकेही वेगळी असत. छापील धावफलकातही हा भेद पाळला जाई. हौशी खेळाडूच्या नावाआधी ‘मिस्टर’ किंवा आद्याक्षरे येत. व्यावसायिकाचे नुसते आडनाव येई. फॉस्टरचे नाव आद्याक्षरांसह आणि त्याच्याच संघातल्या आपल्या गोलंदाजाचे ‘जीव्हज’ एवढेच, असा तो प्रकार होता. इंग्रजी खानदानी घरात सेवकालाही अशीच नुसत्या आडनावाने हाक मारण्याची रीत होती. धावफलकावरून ते नाव दिवाणखान्यात नेताना वुडहाऊसला त्यात काहीही बदल करावा लागला नाही. हा माझा तर्क आहे, वुडहाऊसने तसे कुठे म्हटलेले नाही. पण दोन्हीकडची प्रथा एकाच मुशीतली होती, एवढे निश्चित.

१९१४ चा हंगाम जीव्हजसाठी अधिक भरीव ठरला. ९० बळी तर मिळालेच, शिवाय ओव्हल मैदानावरच्या जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स या मानाच्या सामन्यासाठी त्याची निवड झाली. त्यात त्याने एका डावात ४४ धावांत ४ बळी घेतले. इंग्लंडचा माजी कर्णधार पेलहॅम वॉर्नर याने हा गोलंदाज पुढे इंग्लंडकडून खेळेल, असे भाकीत केले. अशी भाकिते क्रिकेटमध्ये दर वर्षी केली जातात आणि निम्मी खोटी ठरतात. हे मात्र खरे की खोटे, ते तपासण्याची वेळच आली नाही.

४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरले. कौंटी सामने आणखी काही आठवडे चालू राहिले, परंतु २७ ऑगस्टला इंग्लंडचा थोर क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस याचे पत्र प्रसिद्ध झाले. हंगाम आता थांबवावा आणि धडधाकट खेळाडूंनी सैन्यात जावे, असे त्याने लिहिले होते. हंगाम वेळेआधीच गुंडाळण्यात आला. तोवर जीव्हजच्या नावावर ५० प्रथम श्रेणी सामने, १,२०४ धावा आणि २०.०३ च्या सरासरीने १९९ बळी होते. एका सामन्यामागे जवळजवळ चार बळी पडतात. दोनशेला एक बळी कमी राहिला याची खंत तेव्हा कोणी केली नसणार, कारण पुढचा हंगाम येईलच असे सगळ्यांनीच गृहीत धरले होते.

बर्मिंगहॅम शहराने तेव्हा आपल्या तरुणांच्या तीन खास पलटणी उभ्या केल्या. एकत्र काम करणारे, एकत्र खेळणारे मित्र एकाच पलटणीत भरती व्हावेत, ही त्यामागची कल्पना होती. जीव्हज त्यांतल्या दुसऱ्या पलटणीत, म्हणजे रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटच्या १५ व्या बटालियनमध्ये, साधा शिपाई म्हणून दाखल झाला. प्रशिक्षणात वर्ष गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बटालियन फ्रान्सला पोहोचली.

त्याच्या दोन महिने आधी, सप्टेंबर १९१५ मध्ये, जीव्हज हे पात्र असलेली पहिली कथा अमेरिकेतील एका साप्ताहिकात छापून आली होती. त्या कथेत सेवकाच्या तोंडी जेमतेम दोन वाक्ये आहेत: एकात तो पाहुणी आल्याची वर्दी देतो आणि दुसऱ्यात कोणता सूट घालणार, असे मालकाला विचारतो. पुढे जगप्रसिद्ध होणाऱ्या पात्राचा प्रवेश एवढाच. कितीतरी वर्षांनी, १९६७ मध्ये, रायडरच्या मुलाने वुडहाऊसला पत्र लिहून या नावाबद्दल विचारले. चेल्टनहॅमला आपण हा गोलंदाज पाहिला होता आणि न्यूयॉर्कमध्ये नव्या पात्राला नाव शोधताना तो आठवला, हे वुडहाऊसने उत्तरात मान्य केले. ही आठवण मात्र त्याने १९१६ सालची म्हणून सांगितली, तर छापील कथा त्याआधीची आहे; स्मृतीच्या वाटेवर एक वर्ष इकडेतिकडे झाले.

फ्रान्समधली सोमची लढाई १ जुलै १९१६ रोजी सुरू झाली. तीन आठवड्यांनी, २२ जुलैच्या रात्री, हाय वूड नावाच्या जंगलाच्या परिसरातील जर्मन खंदकांवर १५ व्या बटालियनने चढाई केली. त्या चढाईत पर्सी जीव्हज मारला गेला. तो २८ वर्षांचा होता. त्याचा मृतदेह मिळाला नाही.

फ्रान्समधल्या थीपव्हाल इथल्या युद्धस्मारकावर, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ७२,००० हून अधिक सैनिकांबरोबर, त्याचेही नाव कोरलेले आहे. तिथली नावे रेजिमेंट आणि हुद्दा यांनुसार लावली आहेत, आधी आडनाव आणि मग आद्याक्षर, सर्वांना एकाच पद्धतीने. जीव्हज या आडनावापुढे त्या दगडावर ‘पी.’ हे अक्षर आहे.