शंका काढणं वेगळं, तपासून बघणं वेगळं

कर्नाटकातल्या, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या चिकोडी-निपाणी भागातल्या पदवी कॉलेजात वर्गापुढे एखादी बातमी ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी म्हणणारच, "सर, हे सगळं पैसे देऊन छापलेलं असतंय." पोरगं हुशार असतं. बहुतेक वेळा घरातून कॉलेजची पायरी चढणारं ते पहिलंच. आपण विचार केला असं त्याला मनापासून वाटतं, आणि निदान बोलतोय तरी, म्हणून शिक्षकही खूश होतात. पण त्यानं फक्त शंका काढलेली असते, तपासलेलं काहीच नसतं. वर्गात दोन्ही गोष्टी सारख्याच ऐकू येतात, म्हणून हा गोंधळ वर्षानुवर्षं चालतो आणि चिकित्सक विचार शिकवायच्या नावाखाली आपण पोरांना नुसतं संशयी करून सोडतो.

आमच्या भागात हा फरक दाखवायला महापुराइतकं चांगलं उदाहरण नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदमच पात्राबाहेर पडल्या. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात दोन विधानं ऐकू येतात. मराठीत : खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणात पाणी अडवलं म्हणून कोल्हापूर-सांगली बुडाली. कन्नडमध्ये, बागलकोट-विजयपूरकडून : महाराष्ट्रानं कोयनेचं पाणी सोडलं म्हणून आम्ही बुडालो. आमची पोरं बरोबर या दोघांच्या मधे राहतात, आणि दोन्ही भाषांतली वर्तमानपत्रं वाचू शकतात. पुण्याच्या चांगल्यातल्या चांगल्या कॉलेजातल्या पोरांकडेही हे नाही. आपण त्याचा उपयोग करत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता यातलं मराठी विधान घ्या. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला, आणि त्यात सांगली-कोल्हापूरच्या पुराचा दोष अलमट्टीवर टाकला नाही. वर्गात हे सांगितलं की लगेच ऐकू येतं, "समिती सरकारचीच की सर, मॅनेज केली असणार." शंका इथं संपते. तिला पुढं जायची गरजच नसते, कारण ती कुठल्याही अहवालाला, कुठल्याही दिवशी, न वाचता लावता येते.

तपासणारा इथून पुढं विचारतो. समिती कुठल्या सरकारची? महाराष्ट्राची. म्हणजे आपल्याच लोकांना जे ऐकायला आवडलं नसतं, ते तिनं लिहिलं. एवढ्यानं ते खरं ठरत नाही, पण 'मॅनेज केलं' म्हणणाऱ्यावर आता ते कुणी आणि कशासाठी केलं हे सांगायची जबाबदारी येते. मग पुढचे प्रश्न : मोजमापं कुठली घेतली? अलमट्टीची पूर्ण भरल्यावरची पातळी ५१९.६० मीटर, तर फुगवटा, म्हणजे धरणामागं तुंबलेलं पाणी, नदीत कुठवर येतो? धरणाचं पाणी शांत असताना तो जिथं संपतो, त्याच्याही वरच्या अंगाला पुराच्या दिवसांत परिणाम जाणवू शकतो, कारण वाहत्या पुराचं पाणी सपाट नसतं, त्याला उतार असतो. म्हणजे अलमट्टीबद्दल विचारणं वेडेपणाचं नाही. प्रश्न 'किती' हा आहे : चार इंच की चार फूट?

आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं काय करायचं? कल्लोळ-यडूरकडचं एक पोरगं ठामपणे म्हणालं, "आमच्या आजोबांनी बघितलंय, पाणी खालनं चढतंय." संशयी माणूस याला अडाण्याचं बोलणं म्हणून उडवून लावतो, नाहीतर अलमट्टीचा पुरावा म्हणून डोक्यावर घेतो. तपासणारा त्या वाक्याचे दोन भाग करतो. आजोबांना दिसलं ते खरं. कृष्णा तुडुंब असली की दूधगंगेचं पाणी तिच्यात शिरत नाही, तुंबून मागं पसरतं, आणि ओढ्याकाठच्या शेतात ते खालच्या अंगानंच चढतं. पण ते खालनं चढतं म्हणजे ते अलमट्टीचं, हा आजोबांचा अंदाज. डोळ्यांची साक्ष ठेवायची, अंदाज वेगळा काढून पारखायचा. एवढं एक जरी पोरांना जमलं तरी वर्षाचं शिकवणं सार्थकी लागलं असं मी मानतो.

यासाठी मी एक साधी अट घालतो : वाचायला सुरुवात करण्याआधी वहीत लिहायचं, काय दिसलं तर मी माझं म्हणणं सोडेन. एका मुलीनं लिहिलं, "पूर चढत असताना अलमट्टी भरलेली नव्हती असं दिसलं, तर सोडेन." लायब्ररीतल्या कन्नड वर्तमानपत्रांच्या फायली काढून ती तारखेनुसार पातळी उतरवून घेऊ लागली. दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाली, "सर, नुसत्या पातळीवरून कळेना. आवक किती नि विसर्ग किती, तेबी शेजारी पाहिजे." तिनं वहीतली अट खोडली आणि नवी, आधीपेक्षा कडक अट लिहिली. शंका काढणाऱ्याच्या वहीत असं खोडलेलं कधी सापडत नाही.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या बुडालेल्या बसच्या फोटोला एवढा सोपस्कार नको. तिथं नुसती शंका पुरते. पुढं पाठवायचा नाही, विषय संपला.

अवघड जागा दुसरीच आहे. सीमाप्रश्न. बेळगाव आमचं, हे माझं मत आहे आणि ते मी लपवत नाही. पण निपाणीतलाच विद्यार्थी सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल 'सगळाच कर्नाटकधार्जिणा' म्हणतो, तेव्हा मी त्याला विचारतो : त्या अहवालात निपाणी कुणाला दिली होती? त्याला माहीत नसतं. आयोगानं निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यायची शिफारस केली होती. बेळगाव शहर मात्र कर्नाटकात ठेवलं. भांडायचं तर त्या बेळगावच्या कारणांशी, मुद्दा धरून भांडायला हवं. पोरं इथं बिचकतात. आपल्या बाजूचं तपासलं म्हणजे आपण फितूर झालो, असं त्यांना वाटतं. घरी, गल्लीत, मंडळात तसं बोलणारी माणसं असतात, त्यामुळे ही भीती खोटी नाही. म्हणून पहिल्या सेमिस्टरला मी सीमाप्रश्न घेत नाही. आधी पूर, मग उसाच्या दराचा वाद, आणि हात बसला की सीमाप्रश्न.

गुण देतानाही हेच बघतो. अलमट्टी दोषी की निर्दोष, याला मी गुण ठेवत नाही. दोन्ही भाषांतला निदान एकेक मजकूर वाचला का, डोळ्यांनी दिसलेलं आणि अंदाज वेगळे मांडले का, आणि सुरुवातीला लिहिलेली अट शेवटी स्वतःला लावली का, एवढ्यावरच गुण.