जादूगाराच्या कुटुंबाची विनोदी फँटसी : वाचकांचे अभिप्राय

जादूगाराचे घर, त्याची बायको, मुले व भावंडे आणि त्यांच्यातले रुसवेफुगवे यांना कथानकाच्या केंद्रस्थानी ठेवणारी विनोदी कादंबरी हा इंग्रजी फँटसी साहित्यातील एक लहान, पण वाचकांनी मनापासून जपलेला प्रकार आहे. ब्रिटिश लेखिका डायना विन जोन्स (१९३४–२०११) यांची ‘द डार्क लॉर्ड ऑफ डर्कहोम’ (१९९८) ही या प्रकारातील सर्वांत ठसठशीत कादंबरी म्हणता येईल. १९९९ मध्ये तिला बालसाहित्यासाठीचा मिथोपोइक पुरस्कार मिळाला. असे असूनही तिच्याविषयी वाचकांचे एकमत नाही. हसवण्याची हमी देऊन सुरू झालेल्या गोष्टीने पुढे किती गंभीर व्हावे, या एका प्रश्नाभोवती बहुतेक मतभेद फिरत राहतात.

जादू आणि घरगुती गोंधळ यांची सांगड या कादंबरीच्या बरीच आधी घातली गेली होती. ई. नेस्बिट यांच्या ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ (१९०२) मध्ये इच्छा पूर्ण करणाऱ्या प्राण्यामुळे पाच भावंडांची रोज नवी फजिती होते. मात्र तेथे जादू बाहेरून घरात येते. टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेत (१९८३–२०१५, ४१ कादंबऱ्या) जादूगारांनी लग्न करणेच निषिद्ध आहे, कारण जादूगाराचा आठवा मुलगा जगाला धोका ठरेल इतका सामर्थ्यवान निपजतो. जोन्स यांनी याच्या उलट वाट धरली. ‘आर्चर्स गून’ (१९८४) मध्ये सात जादूगार भावंडांनी एक शहर आपापसांत वाटून घेतलेले आहे. ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ (१९८६) मधील हाउल हा सर्वांना धडकी भरवणारा जादूगार वेल्समधील बहिणीच्या घरी जातो, तेव्हा ती त्याला निरुद्योगी भाऊ समजून त्याची खरडपट्टी काढते. हे प्रकरण वाचकांना विशेष प्रिय आहे आणि ते योग्यच आहे: हाउलचा सारा रुबाब त्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसासमोर गळून पडतो, आणि त्याच क्षणी तो वाचकाच्या जवळचा होतो.

‘डर्कहोम’मधील जग जादूचे आहे, पण ते एका व्यावसायिकाच्या दावणीला बांधलेले आहे. दुसऱ्या एका जगातला मिस्टर चेस्नी हा गृहस्थ ४० वर्षांपासून तेथे पर्यटकांच्या तुकड्या आणतो. त्या पर्यटकांना साहसकथेत असते तसे सगळे हवे असते: लढाया, उद्ध्वस्त गावे, मोहिनी घालणारी चेटकीण, आणि शेवटी पर्यटकांच्याच हातून मरणारा दुष्ट सम्राट. करारापायी राजे सैन्य उभे करतात, शेतकरी उभी पिके तुडवली जाताना पाहतात, आणि दरवर्षी एका जादूगाराला त्या दुष्ट सम्राटाचे सोंग घ्यावे लागते. ते यंदा डर्कच्या वाट्याला येते. डर्क हा भला, विसराळू, नवनवीन प्राणी निर्माण करण्यात रमलेला माणूस आहे. त्याच्याकडे उडणारी डुकरे आहेत, पंखांचे घोडे आहेत आणि फार हुशार, फार तापट हंसिणी आहेत. अशा माणसाने आपल्या राहत्या घराचा काळाकभिन्न गड करायचा आणि येणाऱ्या प्रत्येक तुकडीच्या हातून एकदा मरून दाखवायचे, ही कल्पनाच वाचकाला पहिल्या काही प्रकरणांत जिंकून घेते.

अभिप्रायांत सर्वाधिक कौतुक वाट्याला येते ते डर्कच्या मुलांच्या. डर्क आणि त्याची पत्नी मारा यांना शोना ही मुलगी व ब्लेड हा मुलगा आहे. त्यांच्याखेरीज किट, कॅलेट, डॉन, लिडा आणि एल्डा हे पाच ग्रिफिन आहेत. गरुडाची चोच व पंख आणि सिंहाचे धड असलेली ही पाखरे डर्कने स्वतःच्या आणि माराच्या पेशी वापरून घडवलेली आहेत. म्हणून ती पाळीव प्राणी नसून पोटची मुलेच आहेत, आणि कादंबरी हे कोठेही समजावून सांगण्यात वेळ घालवत नाही. ग्रिफिनांत किट सर्वांत थोरला. त्याला मोहिमा आखायला आवडतात आणि तो इतरांवर हुकूम गाजवतो. लिडाला स्वयंपाकाची आवड आहे, तर कॅलेट कलावंत आहे आणि तिच्या हस्तकौशल्याकडे घरच्यांचे पुरेसे लक्ष नसते. आग ओकणाऱ्या ड्रॅगनच्या फुत्काराने डर्क भाजून अंथरुणाला खिळतो, तेव्हा सारा कारभार या मुलांवर येऊन पडतो. कोणी कोठे जायचे, कोणाचे ऐकायचे, बाबांना काय सांगायचे आणि काय लपवायचे यावरून होणारी त्यांची वादावादी इतकी खरी आहे की चोच कोणाला आहे आणि ओठ कोणाला, हे वाचताना लक्षातही राहत नाही. ‘घरात भावंडे असलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल’ अशा आशयाची दाद या पुस्तकाला वारंवार मिळते. जोन्स स्वतः तीन बहिणींतल्या थोरल्या होत्या. आईवडिलांचे लक्ष फारसे नसलेल्या घरात त्या तिघी एकमेकींच्या आधाराने वाढल्या, आणि वडील नाताळला तिघींत मिळून एकच पुस्तक देत. मोठ्यांच्या गैरहजेरीत मुलांनी घर पेलणे हा त्यांच्या लेखनातील प्रसंग म्हणूनच उसना वाटत नाही.

दुसरा मुद्दा विडंबनाचा. या कादंबरीच्या दोन वर्षे आधी जोन्स यांनी ‘द टफ गाइड टू फँटसीलँड’ (१९९६) हे प्रवासमार्गदर्शकाच्या रूपातले पुस्तक लिहिले होते. सगळ्या साहसकथांत प्रवासी नेहमी रस्साच का खातात, घोडे कधी थकत कसे नाहीत, अशा ठरीव गोष्टींची त्यात वर्णानुक्रमे नोंद आहे. ‘डर्कहोम’ त्याच सामग्रीवर उभी असल्यामुळे ज्यांनी फँटसी भरपूर वाचली आहे त्यांना पानोपानी खुणा सापडतात. ज्यांनी वाचलेली नाही, त्यांच्यापैकी काहींना पर्यटकांच्या सहलींची रचना गुंतागुंतीची आणि सुरुवात रेंगाळणारी वाटते. ही तक्रार अर्धीच खरी आहे. विनोद कळण्यासाठी दुष्ट सम्राटाच्या शेकडो कथा माहीत असाव्या लागत नाहीत. नको असलेले काम गळ्यात पडलेला बाप आणि त्याला सांभाळून घेणारी मुले एवढे कळले तरी पुरते.

खरा वाद उत्तरार्धावर आहे. दुष्ट सम्राटाचे सैनिक म्हणून चेस्नीच्या जगातून पाठवलेली माणसे प्रत्यक्षात गुंगीत ठेवलेले कैदी निघतात आणि ती हाताबाहेर जातात. शोनावर ओढवणारा एक प्रसंग लेखिकेने सूचकतेने मांडला असला तरी तो अंगावर येतो. पर्यटकांपैकी काही जणांना ‘परत आणू नये’ अशी खूण केलेली असते, कारण त्यांच्या घरच्यांनीच तशी व्यवस्था केलेली आहे. लढाईत बाण लागून किट कोसळतो आणि तो मेला असे घरच्यांना वाटते. उडणाऱ्या डुकरांसाठी पुस्तक हाती घेतलेल्या वाचकाला हा धक्का असतो. लहान मुलांसाठी म्हणून पुस्तक आणणारे पालक बहुधा याच भागावर हरकत घेतात. विनोद आणि क्रौर्य यांचा सांधा नीट बसलेला नाही, असे म्हणणारेही आहेत.

या हरकतीला उत्तर कादंबरीच्या रचनेतच आहे. मौजेखातर दुसऱ्याच्या जगात लढाया लावल्या, तर तेथे राहणाऱ्यांची घरे आणि माणसे खरोखरच उद्ध्वस्त होतात, हा तिचा मूळ विषय आहे. पर्यटकांना जे दृश्य वाटते, ते किटच्या भावंडांना मरण वाटते. ते मरण वाचकालाही खरे वाटले नाही तर चेस्नीचा व्यवसाय नुसताच मजेशीर ठरेल आणि त्याच्याविरुद्ध उभे राहण्याला काही अर्थच उरणार नाही. पूर्वार्धात हसत हसत त्या मुलांचा लळा लागलेला असतो, म्हणूनच उत्तरार्धातील काळजी वाचकाची स्वतःची होते. थट्टेसाठी घडवलेली पात्रे इतकी सजीव उतरणे ही जोन्स यांची सर्वांत मोठी कमाई आहे.

पात्रांच्या गर्दीविषयीची तक्रार मात्र पूर्ण रास्त आहे. राजे, जादूगार, बुटके, एल्फ नावाचे परीकथेतले लोक, चोर आणि पर्यटक यांचा मेळा इतका मोठा आहे की मध्येच मागची पाने उलटावी लागतात. शेवटी देवांनी प्रकट होऊन गुंता सोडवणे काहींना घाईचे वाटते, तेही नाकारता येत नाही. गुंतागुंतीची कथानके मुलांना सहज पेलतात, अडखळतात ते मोठेच, असे जोन्स यांचे ठाम मत होते, आणि मोठ्यांच्या अभिप्रायांत हीच तक्रार वारंवार आढळते. हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचणाऱ्यांना ते अधिक आवडते, याचेही कारण बहुधा हेच असावे. नावे ओळखीची झाली की विनोदाकडे लक्ष द्यायला उसंत मिळते.

डर्क आणि मारा यांच्यातील दुराव्याकडे वाचक आपापल्या वयानुसार पाहतात. जादूगारांच्या विद्यापीठाची प्रमुख क्वेरिडा या दोघांत अंतर पाडते. मारा सहलींतील मोहिनीची भूमिका घेऊन वेगळी राहू लागते, आणि आईबाबा विभक्त होणार की काय या भीतीने घर सुन्न होते. तरुण वाचक हा धागा ओलांडून ब्लेडच्या मागे जातात. ब्लेडला विद्यापीठात शिकायचे असते आणि तेथील कटू अनुभवामुळे डर्कचा त्याला विरोध असतो. हा झगडा त्यांना जवळचा वाटतो. संसार केलेले वाचक डर्ककडे वळतात. सगळ्यांची काळजी वाहणारा, पण बायकोशी नेमके काय बोलायचे ते न सुचणारा हा माणूस त्यांना कादंबरीतील सर्वांत हृद्य पात्र वाटतो.

उत्तरकथा ‘इयर ऑफ द ग्रिफिन’ (२०००) धाकट्या एल्डाच्या विद्यापीठातील पहिल्या वर्षाची आहे. ती अधिक हलकी आणि आटोपशीर असून ज्यांना पहिल्या पुस्तकाचा काळोख जड गेला, ते तिलाच पसंती देतात. एल्डाच्या मित्रमैत्रिणी हुशार आहेत, त्यांच्या खोड्या व अडचणी वाचनीय आहेत. परंतु डर्कहोमचे स्वयंपाकघर, किटचा हुकूमशाही स्वर आणि भावंडांची वादावादी तेथे बहुतेक काळ दूर राहते, आणि मूळ कादंबरीवर जीव जडलेले वाचक त्या पुस्तकात हीच उणीव दाखवतात.