शहराची बांधणी आणि वगळलेली माणसं

रस्ते, पूल, नळाची लाईन, फुटपाथ कुठं आणि कसे बांधले यावरून शहरात कोण सहज वावरतं अन् कोण बाहेर राहतं हे बरंचसं ठरतं. "इथं येऊ नका" अशी पाटी लावायची गरजच पडत नाही.

पूर्वी बंदी उघड होती. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसोबत दौलताबादचा किल्ला बघायला गेले, प्रवासाची धूळ म्हणून दरवाजाजवळच्या टाक्यात हातपाय धुतले तर पाणी बाटवलं म्हणून आरडाओरड झाली, आणि आत कुठंही पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला. आज कायद्यानं कुणी अडवू शकत नाही, पण बांधकाम अडवतं.

छत्रपती संभाजीनगरचंच बघा. पाणी पैठणच्या जायकवाडीतून पंपानं उपसून येतं आणि नळाला वर्षानुवर्षं काही दिवसांच्या गॅपनं सुटतं. ज्याच्या घराखाली हौद, गच्चीवर टाकी आणि मोटर आहे त्याला गॅप कळतही नाही, पत्र्याच्या एका खोलीत दोन ड्रम ठेवणाऱ्याचं पाणी मात्र पुढच्या पाळीच्या आधीच संपतं, वर लाईनला डायरेक्ट मोटरी लागल्या की शेवटच्या घरापर्यंत प्रेशरच राहत नाही. म्हणजे रोज पाणी न देणारी व्यवस्था साठवायची ऐपत असलेल्यांच्याच सोयीची होते, हे माझ्या मते नीट बोललंच जात नाही.

गुंठेवारीत तर त्याहून अवघड. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट पाडून लेआउट मंजूर न करता वसलेल्या या वस्त्या, त्या नियमित करायला २००१ चा कायदा आहे, पण जिथं लाईन पोचली नाही तिथं टँकर. टँकरची वेळ नक्की नसते, ड्रम रस्त्याकडेला लावून घरातलं कुणीतरी थांबावं लागतं, बहुतेक वेळा बाईच, आणि त्या दिवशीची तिची मजुरी बुडते.

रस्त्यांचं थोडक्यात: गाड्या न थांबता पळाव्यात म्हणून डिव्हायडर सलग केला की पायी माणसाला समोरच्या दुकानात जायला लांबचा वळसा, म्हातारी माणसं जातच नाहीत. रॅम्पचा साधा नियम आहे, १ फूट उंचीला १२ फूट लांबी. मी एका ऑफिसात पाहिलेला रॅम्प मात्र चार पायऱ्यांवर फळी टाकल्यासारखा उभा होता, व्हीलचेअरवर आलेल्या माणसाचे कागद घ्यायला क्लार्क खाली येतो म्हणे, आणि तो जेवायला गेला असेल तर तेवढा वेळ उन्हातच थांबायचं.