वाचन अडते ते डोळ्यांमुळे का? : एका वादाची पार्श्वभूमी

हुशार मुलालाही वाचन विलक्षण जड जाते, त्या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात; तिचे मूळ दृष्टीत आहे की शब्दांतील ध्वनी हाताळण्यात, हा तो वाद. १८९६ मध्ये इंग्लंडमधील एका डॉक्टरने चौदा वर्षांच्या हुशार पण वाचता न येणाऱ्या मुलाची नोंद प्रसिद्ध करून, दोष डोळ्यांत नसून शब्द ओळखणाऱ्या मेंदूत असल्याचे म्हटले होते. पुढे १९७० ते १९९०च्या दरम्यान शब्दांतील ध्वनी सुटे करता न येण्यावर भर आला आणि दृष्टीचा विचार मागे पडला.

१९९१ मध्ये तो परतला. हालचाल व झपाट्याने बदलणारे दृश्य मेंदूपर्यंत नेणारा मॅग्नोसेल्युलर मार्ग डिस्लेक्सियात मंद असल्याचे निष्कर्ष आले. २०१२ मध्ये इटलीत, वाचायला शिकण्यापूर्वीच्या दृक्-अवधानावरून (डोळ्यांसमोरच्या गोष्टींवर लक्ष देण्याच्या क्षमतेवरून) मुलांच्या पुढील वाचनाचा अंदाज बांधता येतो, असे दिसले.

खरा पेच २०१३ मध्ये उभा राहिला. हालचाल पाहताना डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या मेंदूतील प्रतिसाद समवयस्कांपेक्षा कमी होता. पण वाचनात त्यांच्याइतक्याच पुढे गेलेल्या लहान मुलांशी तुलना केल्यावर हा फरक उरला नाही, आणि वाचनाचा विशेष सराव दिल्यावर तोच प्रतिसाद वाढला. म्हणजे ही मंदता कमी वाचनाचा परिणाम असू शकते. डिस्लेक्सियावर उपाय म्हणून रंगीत चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांवर खर्च करणाऱ्या पालकांपर्यंत हा प्रयोग पोहोचायलाच हवा. अर्थात २०१२चा निष्कर्ष त्याने खोडला जात नाही, कारण ती मुले अजून वाचू लागलेलीच नव्हती आणि तिथे तपासले होते ते अवधान.

यातील बहुतेक संशोधन युरोपीय लिप्यांवरचे आहे. मराठी मुलाला 'कि'मधली वेलांटी आधी दिसते पण उच्चारायची नंतर. 'वर्ग'मधला र ऐकू येतो ग च्या आधी, पण रफार बसतो ग च्या डोक्यावर. घ आणि ध यांतला फरक तर नखाएवढाही नाही. शेजारच्या कन्नड लिपीवरील अभ्यासांत अक्षरसंच आत्मसात होण्यास चौथीपर्यंत वेळ लागतो, असे आढळले आहे. देवनागरीचा विचारही याच अंगाने व्हायला हवा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला (डिस्लेक्सिया तिच्यातच येतो) मान्यता दिली. त्या अक्षमतेच्या प्रमाणपत्रापूर्वी दृष्टी व श्रवण तपासले जाते, हे योग्यच. मात्र ते वयाच्या आठव्या वर्षापासूनच मिळते, आणि बालवाडीत खुणा दिसलेल्या मुलाची पहिली-दुसरी तोवर निघून गेलेली असते.