थेंबावरचा अदृश्य थर: बाष्पीभवनाच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

लंडनजवळच्या क्लॅपमच्या तळ्यावर चमचाभर तेलाने अर्धा एकर पाणी निवांत केल्याची हकिकत १७७४ मध्ये छापून आली. तेव्हा प्रश्न लाटांचा होता. पाणी उडून जाण्याचा प्रश्न १९२०च्या दशकात ऐरणीवर आला, तोही वादानेच. १९२४च्या एका प्रयोगातून निष्कर्ष निघाला की पाण्यावर पसरलेला तेलकट पदार्थाचा अतिपातळ थर बाष्पीभवन रोखत नाही. पुढच्याच वर्षी हवा काढून घेतलेल्या काचनळीत ते स्पष्ट मंदावलेले दिसले. वाफेला बाहेर पडताना वरच्या हवेचाही अडथळा होतो. पहिल्या प्रयोगात तोच एवढा मोठा होता की थराचा अडथळा त्याखाली झाकला गेला.

घोळ आणखी वाढवला तो ‘तवंग’ या शब्दाने. पावसाळ्यात रस्त्यावर डिझेलचे इंद्रधनुषी रंग दिसतात तो तवंग. त्याची जाडी शेकडो नॅनोमीटर. इथे जो थर अभिप्रेत आहे तो एका रेणूचा, जेमतेम दोन नॅनोमीटरचा, बिनरंगी. शिवाय कुठलेही तेल चालत नाही. सिटाइल अल्कोहोल या मेणासारख्या मेद-अल्कोहोलच्या सोळा कार्बनांच्या सरळ साखळ्या उसाच्या मोळीसारख्या खेटून उभ्या राहतात, म्हणून वाफ अडते. ऑलिव्हसारख्या तेलांतल्या ओलेइक आम्लाची साखळी मध्येच वाकलेली. तिथे फटी राहतात आणि वाफ निसटते. म्हणून मला ‘एकरेणवी थर’ हाच शब्द योग्य वाटतो, कितीही बोजड असला तरी.

१९५०च्या दशकात ऑस्ट्रेलियाने पाणी वाचवण्यासाठी असा थर जलाशयांवर पसरून पाहिला. १९६०च्या सुमारास पुण्यातही मेद-अल्कोहोल आणि त्यांच्यापासून बनवलेल्या संयुगांवर काम झाले. अमेरिकेत ओक्लाहोमाच्या हेफ्नर तलावावर १९५८ मध्ये पाण्याची बचत सुमारे ९ टक्के भरली. वारा थर काठाला लोटतो, हे दुखणे तेव्हापासूनचे.

थेंबाचे गणित मात्र वेगळे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचे. घट्ट थराचा अडथळा काही मिलिमीटर स्थिर हवेएवढा असतो. तलावावर हवेचा अडथळाही साधारण त्याच तोलाचा. पण ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या धुक्याच्या थेंबाभोवती हवेचा अडथळा जवळपास त्रिज्येएवढ्याच जाडीचा. म्हणजे तोच थर हिशेबाने शेकडो पट भारी पडतो. काचेच्या बारीक धाग्यावर टांगलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर हे उमगते. सुरुवातीला थर विरळ असतो, थेंब नेहमीसारखा सुकतो. आकसेल तसे रेणू एकमेकांना खेटतात, आणि मग आकसण्याचा वेग एकदम पडतो.